डाव्या कुशीवर

ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. कुणाच्या गळ्याची शपथ घ्यायला सांगाल त्याच्या गळ्याची घेतो. मी त्या इमारतीत जाऊन आलोय, त्या खुर्चीत बसलोय, भिंतीवरचा स्पीकर या बोटानं ठोकून पाहिलाय. आता खुर्चीत बसलो म्हणजे अगदी टेकलो असं नाही, दारातून पाहिली. दारही तसं बंदच होतं. पण ज्यानं मला हे सांगितलं तो माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. म्हणजे सांगितलं असंही त्यानं काही नाही; मी त्याच्या बायकोकडून काढून घेतलं. आणि तिला खोटं बोलून काय मिळणार? तर ऐका.

१

इमारत बसकी, एकमजली. आत शिरलं की डाव्या हाताला माणसांची खोली, उजव्या हाताला जनावरांची, आणि मधे थोरल्याची. थोरला म्हणजे घरातल्या दोन भावांतला मोठा; कामावर त्याला मास्तर म्हणत, कारण डॉक्टरांच्या भाषेतल्या चुका तो न विचारता दुरुस्त करायचा. आपण थोरलाच म्हणू.

त्याचं काम टायपिंगचं. टेबलाशी उभ्या डॉक्टरांचे हात भरलेले असतात, लिहायला सवड नसते. म्हणून दोन्ही टेबलांवर छताला माइक टांगलेले. डॉक्टर कापत जाणार, बोलत जाणार, आणि ते बोलणं भिंतीतून थोरल्याच्या खोलीत. डाव्या स्पीकरमधून माणूस, उजव्यातून जनावर. दोन्ही खोल्यांत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. नख कापताना रक्त आलं तरी खाली बसणारा माणूस तो.

माणसाचं असेल तर वर लिहायचं 'शवविच्छेदन'. जनावराचं असेल तर 'मरणोत्तर तपासणी'. यावरून रोज चहाला भांडण ठरलेलं.

"सुरी तीच, टेबल तसंच, वास म्हणाल तर आमचा बरा," गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "मग तुमचं ते भारदस्त विच्छेदन आणि आमची नुसती तपासणी? बैलाला काय सर्दी झालीय म्हणून आणलाय?"

"शव माणसाचं असतं, बाई," मोठे डॉक्टर बिस्किट बुडवत म्हणायचे. "मेलेल्या गाईला कोणी शव म्हणतं का?"

"मग काय म्हणतात?"

"मेलेली गाय."

बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "परदेशी शब्दांच्या मुळाशी जा. तुमच्या 'ऑटॉप्सी'चा अर्थ निघतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं. आमच्या 'नेक्रॉप्सी'चा, मेलेल्याला पाहणं. म्हणजे तुमच्याकडे बघणाऱ्याचा मान, आमच्याकडे मेलेल्याचा. काय मास्तर?"

"मला दोन्ही नको," थोरला म्हणायचा. "मी आपला ऐकतो."

२

ऐकूनच त्याला सगळं कळायचं. स्पीकर अदलाबदल करून लावले असते तरी माणूस कुठला नि जनावर कुठलं हे त्यानं पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. माणसाला टेबलावर उताणा ठेवतात, तळवे आभाळाकडे. पण बोलताना तो उभा आहे असं धरून चालतात. त्याला 'वर' असतं, 'खाली' असतं. गुरांना डाव्या कुशीवर निजवतात, आणि त्यांना वर-खाली नाही, डोक्याकडे आणि शेपटीकडे. माणसाला हात, जनावराला पुढचे पाय. माणूस 'मयत', जनावर नुसतं जनावर. आणि एक मोठा फरक: माणसाची ओळख पटवायला कोणीतरी येतं. चेहऱ्यावरचं कापड सरकवतात, मोठे डॉक्टर विचारतात, "तुमचाच ना?" मग एक आवाज येतो. कधी हो, कधी नाही, कधी शब्दच नसलेला. वासराला ओळखायला कोण येतंय?

थोरला डाव्या स्पीकरवर जीव टांगून बसायचा, आणि त्याचं कारण इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ बेपत्ता होता.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका सकाळी शिडी नि निळ्या रंगाचा डबा घेऊन घराबाहेर पडला. शिडी सापडली, कालव्याकाठच्या भिंतीला टेकलेली. भिंतीवर अर्धाच रंगवलेला शब्द. धाकटा नाही.

लहानपणी झाडावरून पडून त्याचं डावं कॉलरबोन मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. गळ्याखाली बोराएवढं टेंगूळ. कुठलाही शर्ट घाला, डावी कॉलर कान टवकारल्यासारखी उभीच. थोरल्यानं मनाशी गाठ मारली होती: बेवारस प्रेत येईल तेव्हा डाव्या स्पीकरनं ते हाड उच्चारलं नाही, म्हणजे धाकटा जिवंत आहे. मोठ्या डॉक्टरांचा क्रम ठरलेला. कातडी, डोकं, मान, छाती. मानेपाशी आवाज आला की थोरल्याचा श्वास थांबायचा. छातीवर गेला की सुटायचा. डॉक्टरांना सांगून टाकायला काय झालं होतं? पण सांगितलं की ते शोधायला लागतील, आणि शोधलं की सापडतं, अशी त्याची पक्की समजूत.

संध्याकाळी घरी आई दारातच.

"थोरल्या, आज कोणी?"

"नाही, आई."

"अहो, त्यांना चपला तर काढू द्या," बायको आतून म्हणायची. "आणि तुम्हीही आत या. दाराला टेकू लावून ठेवायला नकोय, ते पडत नाही."

आई हसायची, आत यायची. त्या 'नाही'वर तिचं जेवण जायचं.

३

एका दुपारी उजव्या खोलीत शेळी होती. बाईंचा आवाज नेहमीचा, जरा खरबरीत, शब्द तोडून टाकणारा. कान ठीक. डोळे ठीक. पोट फुगलेलं. मागे नळ वाहत होता. थोरल्याची बोटं आपल्या चालीनं चालली होती.

"डावं कॉलरबोन. जुना मोड. वाकडं जुळलेलं."

बोटांनी ते टाइप केलं. मग बोटं थांबली.

शेळीला कॉलरबोन नसतं. गाईला नसतं, घोड्याला नसतं. बाईंनीच एकदा हसत सांगितलं होतं, "त्यांना काय करायचंय? त्यांना कुठं कुणाला मिठी मारायचीय?"

चहाला त्यानं जपून विषय काढला. "बाई, आज शेळीचं काहीतरी... गळ्याचं हाड म्हणालात?"

"मी? शेळीचं? मास्तर, रात्री झोपता ना नीट?"

"पोटानंतर. नळ चालू होता तेव्हा."

बाईंनी कप खाली ठेवला. "नळ चालू होता तेव्हा मी हात धूत होते. तोंड मिटून. मला गाता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी हात धुताना गप्प असते."

थोरल्यानं हसून घेतलं आणि डोकं लढवलं. वायरी एकमेकींत गुंतल्या असतील; डाव्या खोलीतलं उजवीकडे आलं असेल. पण डावी खोली त्या दिवशी कुलूपबंद होती, मोठे डॉक्टर साक्षीला कोर्टात गेले होते. मग कान वाजले असतील. ज्याची धास्ती घेतो तेच माणूस ऐकतो. हे कारण त्याला पटलं. पटवून घेतलं म्हणा. ती ओळ त्यानं खोडली.

आवाज मात्र बाईंचाच होता, आणि त्याच्या मागे नळ होता.

४

मग मेंढी आली.

"मयत उताणा," उजवा स्पीकर म्हणाला.

थोरल्यानं बोटं उचलली. तो टाइप करीना, नुसता ऐकत राहिला.

"उजव्या हाताच्या नखांखाली निळा रंग. वाळलेला."

मधे काही ठीकठाक वाक्यंही होती, मेंढीची, शेपटीकडची, लोकरीखालच्या गोचिडांची. ती बाईंचीच असणार. आवाजात केसाइतकाही फरक नव्हता. कुठलं वाक्य कुठल्या तोंडातून आलं हे सांगायची सोयच नव्हती, शब्द सोडले तर.

त्याच दिवशी पैलवान त्याच्या दारात येऊन उभा राहिला. पैलवान हा जनावरं उचलणारा मदतनीस. अंगानं इतका किडकिडीत की नाव ठेवणाऱ्याला बक्षीसच द्यावं.

"मास्तर, एक विचारू? मघाशी तुम्ही आत आला होतात?"

"मी? मी दारातून बघत पण नाही."

"तेच. मेंढी मी डाव्या कुशीवर ठेवली. इतकी वर्षं ठेवतोय. बादली भरून येतो तर उताणी. चारी पाय वर नाहीत हां, पुढचे दोन असे..." त्यानं आपले हात अंगाच्या कडेला सोडले आणि तळवे पुढे फिरवले. "मला वाटलं, बाईंनी केलं. बाईंना वाटलं, मी केलं. त्यांनी माझी अशी काढलीय की विचारू नका. 'मस्करी सुचते का तुला' म्हणे. आणि मास्तर, मेलेली मेंढी पाठीवर राहत नाही. कलंडते. ही राहिली."

"पोट फुगलं असेल."

"हो," पैलवान म्हणाला. "तसंच असेल." पण तो गेला नाही, बराच वेळ चौकटीला टेकून उभा राहिला, परत आत जायला लागू नये म्हणून.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "आज कोणी?"

"...नाही, आई."

आई आत गेली. बायको मात्र पाणी देता देता हळूच म्हणाली, "आज तुम्हाला 'नाही' शोधायला लागलं."

५

त्यानंतरची सकाळ. ऊन्ह स्वच्छ, आवारात पैलवान पाइपनं फरशी धूत होता. बाई यायच्या होत्या. गाडीनं कालव्यातून काढलेलं एक वासरू आणून टाकलं होतं, ते पैलवानानं टेबलावर चढवलं होतं. डाव्या कुशीवर, त्यानं थोरल्याला मुद्दाम येऊन सांगितलं.

थोरल्यानं कागद चढवला आणि उजवा स्पीकर खरखरला.

"मयत उताणा. पुरुष. वय तिशीच्या आसपास."

"बाई, आज वासरू आहे ना?" तो भिंतीकडे बघून बोलला. स्पीकर ऐकत नाही, नुसता बोलतो, हे त्याला माहीत होतं.

"केस ओले. उजव्या भुवईवर जुनी खूण."

"गाडी पंक्चर झाली हो," त्याच्या पाठीमागून बाई म्हणाल्या. "ढकलत आणली. कोणी सुरू केलं आत?"

थोरल्यानं मान वळवली. बाई दारात उभ्या, हातात हेल्मेट, कपाळावर घाम. त्यांचा आवाज भिंतीतून येत होता.

"डोक्याला मार नाही. मानेवर वळ नाही."

बाईंनी हेल्मेट हळूच टेबलावर ठेवलं. "ही मी आहे."

"हो."

"मी इथं आहे, मास्तर."

"हो, बाई."

"कुणीतरी टेप लावलीय. पैलवान!" त्या ओरडल्या. बाहेर पाइपचं पाणी थांबलं. पैलवान खिडकीत आला, चेहऱ्यावर साबणाचा फेस, आणि आतलं ऐकून तिथंच थिजला.

"डावं कॉलरबोन," आवाज म्हणाला. "जुना मोड. वाकडं जुळलेलं." जरा थांबला. बाई बोलताना थांबायच्या तशाच, जीभ टाळूला लावून. "नातेवाईक, थोरला भाऊ. हजर आहे. बाहेर बसलाय. ओळख पटवायची राहिली आहे. थांबतो."

आणि खरंच थांबला. बटण फिरवून बाईंनी स्पीकर बंद केला. तरी आत कोणीतरी वाट बघतंय हे ऐकू येत राहिलं. भरल्या खोलीचं असतं तसं ते ऐकू येणं.

"तुम्हाला भाऊ आहे?" बाईंनी विचारलं.

मग थोरल्यानं सांगितलं. भिंत, शिडी, निळा डबा, टेंगूळ, आईची संध्याकाळ. बोलताना त्याला आपल्यापुढचा पेच लख्ख दिसला. आत जाऊन 'हो' म्हटलं, तर आजच्या संध्याकाळी आईला 'नाही' म्हणता येणार नाही, पुन्हा कधीच. 'नाही' म्हटलं, तर जे आत आहे ते जनावराचं. जनावरांना आवारामागच्या खड्ड्यात टाकतात आणि वर चुना ओततात. तिथं कुणाचं नाव नसतं.

"जाऊ नका," बाई म्हणाल्या. "वासरू आहे ते. मी जाते, कापते, संपलं."

पण त्या जागच्या हलल्या नाहीत. उठला तो थोरलाच.

६

पिवळट फरशा. जमीन मधल्या जाळीकडे उतरती, त्यामुळे पाय आपोआप टेबलाकडे जातात. छताला वजनकाट्याचं तबक, किंचित हलणारं. वारा नव्हता.

वासरू उताणं होतं. टेकण नाही, दोरी नाही. पुढचे पाय अंगाच्या कडेला सरळ, खूर बाहेर फिरवलेले. आणि तोंडावर पांढरं कापड.

"कापड मी नाही टाकलं," पैलवान खिडकीतूनच म्हणाला. "देवाशप्पथ. जनावराला कोण टाकतं?"

थोरल्याला घेरी आली नाही. रक्तच नव्हतं कुठं, नुसता ओला वास. कापडाच्या अलीकडच्या कडेखालून एक कान बाहेर आला होता. वासराचा, केसाळ, लांबट, चिखल लागलेला. थोरल्याला इतकं हायसं वाटलं की त्याला हसूच यायला लागलं. बाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथून त्यांनी कापडाची पलीकडची कड पाहिली. त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी ना तेव्हा सांगितलं, ना नंतर.

"तिकडे काय आहे, बाई?"

बाईंनी नुसती मान हलवली. येऊ नका.

त्यानं हात पुढे केला. मानेखाली, डावीकडे. ओली लव, खाली गार कातडी, आणि तिच्याखाली, बोटाखाली, बोराएवढं काहीतरी. टणक. त्यानं बोट फिरवलं. हाड होतं. खांद्याकडे गेलं होतं, मधेच वाकलं होतं, पुन्हा सरळ झालं होतं. ही वाट त्याच्या बोटाला पाठ होती. लहानपणी धाकट्याला झोपवताना तो तीच चाचपायचा.

"तुमचाच ना?"

बाईंचे ओठ त्यांच्या हाताआड होते. माइक छताला होता. मोठे डॉक्टर अजून आले नव्हते.

कापड तोंडाशी आत ओढलं गेलं. आणि तसंच राहिलं. जसं कुणी श्वास घेऊन, उत्तर मिळेपर्यंत, धरून ठेवलाय.

थोरल्यानं बोट काढून घेतलं. शर्टाला पुसलं.

"आमचा नाही," तो म्हणाला.

कापड खाली बसलं. वासरू सावकाश, स्वतःच्या वजनानं, डाव्या कुशीवर कलंडलं.

त्या दिवशी बाईंनी सुरी हातात घेतली नाही. पैलवानानं चुन्याचं आख्खं पोतं ओतलं.

७

संध्याकाळी आई दारात नव्हती. दार सताड उघडं, आतून तिचा आवाज येत होता, लगबगीचा, कित्येक महिन्यांत न ऐकलेला. बायको उंबऱ्यापाशी भिंतीला पाठ लावून उभी.

"आलेत," ती म्हणाली. "तुमच्या जरा आधी." आणि मग, कुजबुजत, "तुम्ही बघा. मला काही कळत नाही."

धाकटा जमिनीवर बसला होता. वाळलेला, दाढी वाढलेली, डोळे तेच, उजव्या भुवईवर ती खूण. आई त्याला भरवत होती. तो चावत होता, बराच वेळ, एकाच बाजूनं.

"कुठं होतास रे?" थोरल्यानं विचारलं.

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. ओळखीचं हसला, उठला आणि त्याला मिठी मारली. हात पाठीवर आले. पण खांदे येत राहिले; पुढे, आणखी पुढे, मधे त्यांना अडवणारं काही नसल्यासारखे, पार एकमेकांना टेकेपर्यंत. थोरल्याच्या गालाला त्याची कॉलर लागली. सपाट बसलेली, दोन्हीकडे. त्यानं अंगठा हळूच सरकवला. डावीकडे मऊ. उजवीकडेही मऊ.

जेवून धाकटा तिथंच जमिनीवर आडवा झाला. डाव्या कुशीवर, पाय पोटाशी. थोरल्यानं त्याला खांद्याला धरून उताणा केला. हात सोडल्याबरोबर तो कलंडला.

"आई, हा..."

"राहू दे त्याला. तसंच बरं वाटतं त्याला."

"आई, तू नीट बघितलंस का?"

आई धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, मानेपासून खाली, एकाच दिशेनं. तिनं वर पाहिलं, आणि थोरल्याला कळलं की तिनं त्याच्याही आधी, त्याच्याहूनही नीट बघितलेलं आहे.

"तू दिवसभर त्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या ओळखी पटवतोस," ती म्हणाली. "याची मी पटवली. तू आता काही विचारायचं नाहीस."

*

आता कबूल करतो. यातला एक भाग मी पदरचा घातलाय. तो आवाज. स्पीकरमधून कधी कोणी काही बोललं नाही. उजवा स्पीकर मुळात बिघडलेलाच होता, बाई दारातून ओरडून सांगायच्या. शेळी, मेंढी, पैलवानाची भीती, हेही मीच वाढवलं. नुसत्या वासरावर एवढी पानं कशी भरणार? बाकी खरं. घरी जो आला तो आलाच, अजून तिथंच राहतो, आईची तब्येत सुधारलीय.

आणि वासरूही खरं. डाव्या कुशीवर होतं, तोंडावर कापड वगैरे काही नाही, कालव्यातलं वासरू असतं तसं. बाई सुरीला धार लावत होत्या. रक्ताला भिणारा, कधी आत पाऊल न टाकलेला तो माणूस खुर्चीतून उठला, टेबलापाशी गेला, वासराच्या गळ्याखाली बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला, आणि मोठ्यानं म्हणाला, "आमचा नाही."

त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.